कुणकेश्वराचा दोरा आणि अण्णांची गाडी

३ फेब्रुवारी १९५८
आत्याने कुणकेश्वराहून आणलेला दोरा आज गाडीला बांधला. आरशाला बांधणार होते, पण तो सैल. लवू ड्रायव्हरने गाडी थंड म्हणून, सुरू होण्यापुरते, चोकचे बटण बाहेर ओढून ठेवले होते. त्याच्या दांडीवर छान बसला. वेढे घट्ट, फट ठेवली नाही. देवाचे काम मला ढिसाळ चालत नाही.

५ फेब्रुवारी
गाडी सुरू झकास होते. बाजारपेठ ओलांडली की गुरगुरते, काळा धूर सोडते, अडखळते. अण्णा म्हणतात, रविवारी कट्टा गावापर्यंत धड गेली नाही तर गणपत परबाला विकणार. राहिली, तर मला चालवायला शिकवणार. म्हणजे दोषाचे निदान मलाच करणे आले. लवू नुसता नाक खाजवतो. याला तो अनुभव म्हणतो.

६ फेब्रुवारी
गाडीचे इंग्रजी पुस्तक वाचले. इंग्रजी मला अण्णांनीच घरी शिकवले, तेव्हा शंका नको. दोष: पेट्रोलमध्ये पाणी. सगळे पेट्रोल धोतराच्या फडक्यातून गाळले. लवूने विचारले, ‘चाय करतंस काय गो बाय?’
धूर तसाच.

७ फेब्रुवारी
इंजिनातले प्लग काजळीने भरलेले. चिंचेने घासले. आई म्हणाली, समईसुद्धा कधी इतकी घासली नाहीस. संध्याकाळी पुन्हा काळे. म्हणजे पेट्रोलच हलके.
लवू म्हणे, ‘चोक आत जाणा नाय, दोरो आड येता.’ स्वतःला गाडी कळत नाही, खापर देवावर. मग तोड म्हटले, तर म्हणे, ‘मी तोडूचंय नाय. माका पोरां आसत.’ असल्या माणसाशी काय वाद घालायचा.

९ फेब्रुवारी, रविवार
कुंभारमाठाच्या चढावर बंद. मासळीच्या टोपल्या घेऊन चाललेल्या बायका थांबल्या. एक म्हणाली, बैल जोडा. यांना यंत्रातले काय कळणार.
बैल जोडून परतलो. अण्णांनी विचारले, ‘पुस्तकात बैलांचा पान आसा काय?’

१० फेब्रुवारी
गाडी विकली. गणपत परब बराच वेळ इंजिन चालू ठेवून अंगण धुराने भरत होता. देवाचा दोरा परक्याच्या गाडीत जाणे मनाला पटेना. कात्री आणून एकेक वेढा कापला. चोकचे बटण बाहेर आलेले वाईट दिसत होते, टापटिपीसाठी आत ढकलले.
गुरगुर थांबली. धूरही.
गणपतने अण्णांकडे पाहिले, अण्णांनी माझ्याकडे, लवूने आभाळाकडे. व्यवहार झाला होता. कुंभारमाठाचा चढ आमच्या अंगणात ऐकू येतो. गाडी तो एका दमात चढली.
दोरा तुळशीत ठेवला.
गणपत येताना पेट्रोलचा स्वतःचा डबा घेऊन आला होता. मी पाहिला. त्यातलेच ओतले असणार. म्हणजे माझेच बरोबर होते, पेट्रोलच हलके. अण्णांना सांगायला गेले. ते जेवले नाहीत.