धुतलेली नावं

बाबा,

फ्लॅट बुश उपनगरात आईच्या घरी दोन दिवस बॉसची एक मेल उघडून बसलेय. त्यात एकच प्रश्न आहे: तो दात नक्की खालच्या थरातला ना? उत्तर 'हो' द्यायचं, बस. तू असतास तर तुला विचारलं असतं. काल, तू गेल्यावर बारा वर्षांनी, तुझा नंबर बोटांवर आला, आणि शेवटचे दोन आकडे आठवेनात.

तुला ठाऊक नाही, मी पॉलिटेक्निक अर्ध्यात सोडलं. मग किवी तोडली, बोटीवर भांडी घासली, आणि गेल्या वर्षी पार उत्तरेला, विषुववृत्ताजवळच्या एका बेटावर पोचले. तिथल्या चुनखडीच्या गुहेत खोदकाम चालू होतं. आपल्यासारखी माणसं त्या बेटावर पहिल्यांदा कधी आली, हे त्यांना शोधायचं होतं. माझ्या कामाला डिग्री लागत नव्हती. माती बादलीत भरायची, ओढ्यावर न्यायची, चाळणीत धुवायची. प्रत्येक बादलीला थराची चिठ्ठी बांधलेली. वरचा थर अलीकडचा, खालचा इतका जुना की तिथे माणूस सापडेल अशी कोणाला आशाच नव्हती. आमची बॉस वेलिंग्टनची, पांढऱ्या केसांची, कायम जँडल्समध्ये, म्हणजे रबरी चपलांत. रोज बजावायची, माती सांडली तर सांडू दे, चिठ्ठी सांभाळ.

त्या दिवशी माझ्याकडे दोन बादल्या होत्या, एक वरची, एक खालची. वाटेत एक खेकडा दिसला, पाठीवर नारळाची करवंटी घेऊन निघालेला. मी गेले त्याच्या मागे. तू ओळखतोसच मला. परत येऊन बघते तर दोन्ही चिठ्ठ्या सुटून खाली पडलेल्या. गाठी मीच मारल्या होत्या, सैलच असणार. पण वारा नव्हता, बाबा. पानसुद्धा हलत नव्हतं. दोन्हीकडची माती सारखीच लाल. मी अंदाजानं चिठ्ठ्या बांधल्या आणि कोणाला बोलले नाही.

चाळणीत दात आला. इवलासा, गुळाच्या रंगाचा. तिथे हाड की दगड हे बघायला जिभेला लावतात, जुनं हाड चिकटतं. मी मुळांकडून लावला. असा चिकटला की ओढून काढावा लागला. दुधाची दाढ होती आणि मुळं शाबूत. तूच शिकवलं होतंस, दुधाचा दात आपणहून पडतो तेव्हा मूळ विरघळलेलं असतं. म्हणजे हा पडला नव्हता. पोरच गेलं, दात तोंडातच राहिला. तू दिलेला तोंडात बघायचा आरसा मी गळ्यात घालून फिरते. तो मी दाढेच्या मागे धरला, तर त्यावर वाफ आली. मी श्वास रोखून धरला होता. पुसला, पुन्हा धरला, पुन्हा वाफ. दमट हवा असते तिथे, माहितीये मला. तेवढ्यात बॉस आली, बादलीवरची खालच्या थराची चिठ्ठी वाचली आणि मटकन खाली बसली. 'स्वीट ॲज, गर्ल,' म्हणजे झकास पोरी, एवढंच म्हणाली आणि रडायला लागली.

तेव्हापासून माझी जीभ सारखी दात मोजते. डावीकडून, तू मोजायचास तसे. एक जास्त भरतो.

हिल्सबरोच्या तुझ्या दातांच्या दवाखान्यात मी सहा वर्षांची आहे. फळीवर पेशंटांचे प्लास्टरचे जबडे, प्रत्येकाच्या बुडाशी पेन्सिलनं नाव. मला ते मळके वाटले, म्हणून मी सगळे बेसिनमध्ये घासणीनं स्वच्छ केले. तू ओरडला नाहीस, त्याचीच जास्त भीती वाटली. 'अगं, नाव धुतलंस म्हणजे माणूस धुतलास,' म्हणालास. मग एकेक जबडा हातात घेऊन, दातांवरून अंगठा फिरवून तू माणसं ओळखत बसलास. शेवटी दोन छोटे उरले, दोन्हींत पुढचा एक दात पडलेला. एक माझा, एक कोणा दुसऱ्या पोराचा. 'तुझा तू ओळख.' मी एक उचलला. पेशंट आला म्हणून तू न बघताच शाब्बास म्हणालास, आणि त्यावर माझं नाव लिहिलंस. या वेळी शाईनं.

तो आता आईच्या शोकेसमध्ये गणपतीशेजारी असतो. सकाळी तिनं विचारलं, "काय लिहितेयस एवढं? नोकरीचा अर्ज?"

"नाही गं. दाताचं आहे."

"दुखतोय?"

"एक जास्त झालाय."

"तुझं सगळंच जास्त. ऊठ, पोहे गार झाले."

पोहे खाल्ले आणि मेल पाठवली. चिठ्ठ्या सुटल्या होत्या, मी अंदाजानं बांधल्या, मला माहीत नाही. आता तो दात नुसता दात राहिला, त्यावरून बेटाबद्दल कोणी काही सांगू शकणार नाही. कदाचित माझा अंदाज बरोबरही असेल. तसं असेल तर त्या पोराला मी आज धुतलं. बॉसचं उत्तर आलेलं नाही.

हे पत्र कुठे टाकायचं तेही कळत नाही. पण एक राहिलंच. त्या दिवशी दवाखान्यात मला ओळखता आलं नव्हतं, बाबा. हाताजवळ होता तो उचलला. आत्ता बाहेर आई शोकेस पुसतेय, त्या जबड्यावरून हलकेच फडकं फिरवत माझ्या नावानं त्याच्याशी बोलतेय, आणि मी तिला काहीच सांगितलेलं नाही.