आतून लावलेली कडी

मी, खाली सही करणारा, वय शहात्तर, धंदा सुतारकाम, धर्माने कॅथलिक, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, खिडकीशेजारच्या टेबलावर बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोकं शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव टाकण्याचं काम या घरात आजवर मीच करत आलो. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात मुलीच्या नावे फक्त भिंतीवरचं घड्याळ लिहिलं होतं, याची आज लाज वाटते.

कलम पहिले, घर. वडिलांनी बांधलेल्या घराचा हा डावा भाग माझा, उजवा माझ्या थोरल्या भावाचा. मधली भिंत एकच आणि पातळ. माझा भाग मुलगा आणि मुलगी यांना निम्मा-निम्मा मिळावा. पुढच्या दाराची आतली कडी आज सकाळी मी स्वतः काढली आहे. स्क्रूची चार भोकं उरली आहेत, ती कोणी बुजवू नयेत. सुताराच्या दाराला ती शोभत नाहीत हे मला कोणी शिकवायला नको.

कलम दुसरे, हत्यारं. करवती, पटाशा, गिरमिट आणि कामाचं टेबल पुतण्याला, म्हणजे भावाच्या मुलाला. धंदा तोच चालवतो. मोठा रंधाही त्याचाच. तो मी ‘देतो’ असं लिहवत नाही, कारण वडिलांनी तो भावाला दिला होता. चार दिवसांसाठी म्हणून मी आणला आणि ठेवून घेतला. भावाने एकदा चर्चच्या पायऱ्यांवर चारचौघांत तो परत मागितला. तेवढ्यावरून मी त्याच्याशी सहा वर्षं बोललो नाही. चूक माझी आणि रुसून बसलो तोही मीच.

कलम तिसरे. यात देण्यासारखं काही नाही, पण हे लिहिल्याशिवाय बाकीच्या कलमांना अर्थ नाही.

आमच्या घरी संध्याकाळी सात वाजता रोझरीची माळ म्हटली जाई. सातचा ठोका पडला की मी कडी लावायचो. उशिरा येणाऱ्याने माळेची पाचही रहस्यं, म्हणजे पाचही भाग, संपेपर्यंत बाहेर उभं राहायचं. मुलांना प्रार्थनेचं वळण लागावं म्हणून ही शिस्त, असं मी सर्वांना सांगत असे, आणि लोक माना डोलावत.

एकोणतीस वर्षांपूर्वी एका मंगळवारी मुलगी सातला घरात नव्हती. ती सोळा वर्षांची होती. भाऊ आजारी होता, त्याला पाणी पाजायला ती मला न विचारता भिंतीपलीकडे गेली होती. मी कडी लावली. चौथं रहस्य चालू असताना दार वाजलं.

“बाबा, दार उघडा. काकांचं काही खरं नाही. तुम्हाला बोलावतायत.”

मी ऐकलं. शब्द न् शब्द ऐकला. बायको उठायला लागली, तिला मी डोळ्यांनी खाली बसवलं. मग आवाज चढवला. मला वाटलं, आता बोलवतोय होय, रंध्यासाठी चारचौघांत मान खाली घालायला लावली तेव्हा नाही सुचलं. ‘नमो मरिया’ या माळेतल्या प्रार्थनेचे ‘आता आणि आमच्या मरणाच्या वेळी’ हे शब्द मी त्या संध्याकाळी जितक्या मोठ्याने म्हटले, तितक्या मोठ्याने कधीच म्हटले नव्हते. माळ संपवून दार उघडलं तेव्हा मुलगी पायरीवर बसली होती आणि भाऊ गेला होता.

मी सगळ्यांना सांगितलं, प्रार्थनेत होतो, ऐकू आलं नाही. तेव्हाच्या फादरांनी त्यावर रविवारी प्रवचन केलं: प्रार्थना असावी तर अशी, जगाचं भान विसरायला लावणारी. मी पहिल्या बाकावर बसून ते ऐकून घेतलं. तेव्हापासून दर महिन्याला फादरांपुढे पापांच्या कबुलीला जातो, शिवीगाळीपासून आळसापर्यंत सगळं सांगतो, एवढं एकच गिळतो. बायको त्याबद्दल एक शब्द न काढता वारली. आताच्या फादरांना विनंती, माझ्या अंत्यविधीला ती प्रवचनातली गोष्ट सांगू नये. शवपेटी मी बनवून ठेवली आहे. माप आजारपणाआधीचं असल्यामुळे आत सैल पडेन, तिकडे दुर्लक्ष करावं.

कलम चौथे, मुलीला. माझी माळ आणि तिच्या आईची प्रार्थनेची वही तिला द्यावी. ती इस्पितळात बिछान्यांच्या चादरी बदलते. मी एकदा टोचून विचारलं होतं, माळ म्हणतेस की सोडलीस? ती म्हणाली, “माळ घेऊन कुठे बसू, बाबा? बारा बिछाने असतात. एकेका बिछान्याला एक नमो मरिया म्हणते.” मी हसलो होतो. आज कळतं, आमच्या घरात प्रार्थना तिलाच आली. मुली, तू दार वाजवलंस ते मी ऐकलं होतं. हे तुला ठाऊक आहे. मी कबूल करतो, एवढंच नवीन आहे.

कलम पाचवे, मुलाला. तू स्वतःच्या घरी तशीच कडी माझ्याकडूनच बसवून घेतलीस. गेल्या महिन्यात आलो तर नात मांडीवर दप्तर घेऊन जिन्यात बसलेली. मला म्हणाली, “आजोबा, हळू बोला, आत देवाचं चाललंय.” हे मृत्युपत्र मी त्या दिवशी लिहायला घेतलं. सात वाजता माळ जरूर म्हण, पण दार उघडं ठेवून. ती कडी काढायला माझ्या मरणाची वाट पाहू नकोस. हे पान आजच तुझ्याकडे पाठवत आहे.

साक्षीदार म्हणून मी भिंतीपलीकडून वहिनीला बोलावलं. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये असं वकीलबाई म्हणाल्या, म्हणून तिच्या नावे काही नाही. सही करण्याआधी मी तिला सगळं वाचून दाखवलं. तिने उठून दाराच्या भोकांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “तुमचा आवाज आमच्याकडे येत होता, भावोजी. चढला तसे यांनी हात जोडले. म्हणाले, बघ, माझ्यासाठी म्हणतोय. तुमच्याबरोबर म्हणत म्हणतच गेले.”

तिने हे एकोणतीस वर्षं मला सांगितलं नव्हतं. मी तिच्याशी कधी बोललोच नव्हतो. ती सही करून गेली. मी अजून टेबलाशीच बसून सह्यांच्या वर उरलेल्या जागेत हे लिहीत आहे. सात वाजायला आले आहेत. आज माळ पहिल्यांदा भावासाठी म्हणेन, भिंतीपलीकडे ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

सही: मृत्युपत्र करणारा, सुतार

साक्षीदार: १. थोरल्या भावाची विधवा पत्नी (सही)
२. दाखला देणारे डॉक्टर (सही)

ठिकाण: राहतं घर, डावा भाग, पुढची खोली
दिनांक: महिन्याचा पहिला मंगळवार