गारठलेली बोटं

शुक्र. १२ जाने. ९६
दादाची बोटं आजही गारठली. उजव्या हाताची शेवटची दोन. मागावर धागा तुटला, गाठ बसेना. कारखान्याचा मास्तर सगळ्यांसमोर म्हणाला, "क्या रे, सूरत में हिमालय आ गया?" सगळे हसले. दादाही हसला. माझा माग थांबवून मी त्याची गाठ मारून दिली.
इथे डिंडोलीत, खोलीवर, सकाळी गार असतं, खरं. पण कारखान्यात चाळीस माग चालतात. बनियन घामानं चिकटतं.

शनि. १३
गावी 'गारठणे' हा शब्द रोजचा. अंथरूण गारठलंय, भाकरी गारठली, म्हातारा गारठून बसलाय. शाळा नववीत सुटली, कोश मात्र जपलाय. पाहिलं : थंडीने आखडणे, बधिर होणे. बरोबर. पण एक गोष्ट त्यात नाही. गारठलेलं शेकलं की सुटतं. आधी मुंग्या, मग ठणका, मग मोकळं.
संध्याकाळी दादाला स्टोव्हजवळ हात धरायला लावला.
"सुटला का?"
"सुटेल रे. तू तर मास्तरच्या वरचा झालास."

रवि. १४, उत्तरायण
सगळे गच्चीवर. दु. १२ चं ऊन. दादाने तीन पतंग कापले. "काप्यो छे!" म्हणून नाचत होता. मांजा लाल दिसला. वाटलं, रंगच तसला. मग बघतो तर करंगळी चिरलेली, रक्त कोपरापर्यंत.
"दादा, हात!"
त्याने हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कधी झालं?"
दुखतंय का, हे मी विचारलंच नाही.

सोम. १५
पट्टी बदलताना मनगटावर फिकट चट्टा दिसला. गल्लीच्या तोंडाशी भिंतीवर सरकारी अक्षरात लिहिलंय, चट्टा, बधिरपणा, मोफत औषध. वर रोगाचं नाव. ते इथे लिहिणार नाही.
दादाने बाही ओढली. "लहानपणी भाजलं होतं."
नव्हतं भाजलं.

गुरु. १८
तीन दिवस मागे लागलो, तेव्हा दवाखान्यात आला. डॉक्टरबाई म्हणाल्या, डोळे मिटा, कापूस लागेल तिथे बोट ठेवा. अंगठा बरोबर. तळवा बरोबर. करंगळीला लावला, दादा गप्प. नंतर बाईंचा हात वरच होता, कुठेही लावलेला नव्हता, आणि दादाने घाईघाईने करंगळीवर बोट ठेवलं. "इथे."
मी खाली फरशीकडे पाहत राहिलो.
बाई म्हणाल्या, "भाई, दवा से ठीक होता है. देर मत करना, हाथ टेढ़ा हो जाएगा." मंगळवारी मोठे डॉक्टर बघतील, मग गोळ्या.
बाहेर आल्याबरोबर दादा : "मंगळवारी पाळी आहे."

रवि. २१
गावी वहिनीला कार्ड. नेहमीप्रमाणे दादा सांगतो, मी लिहितो.
"लिही, तब्येत बरी आहे. इकडे थंडी फार, बोटं गारठतात."
"इकडे थंडी फार" इथवर लिहिलं. समोरच्या ओट्यावर शेजारी उघड्या अंगाने दाढी करतोय.
"लिहिलंस?"
"मंगळवारी येतोस?"
"आधी तू लिही."
कार्ड मांडीवर आहे. दादा उजवा हात खिशात घालून उभा आहे.