लाल गाडी, घासलेल्या नळ्या आणि माझ्या पश्चातची व्यवस्था

लिहून ठेवणार: हौशीराम गेणभाऊ थोरात, वय वर्षे एकाहत्तर, धंदा ट्रॅक्टर दुरुस्ती, सध्या निवृत्त, राहणार खोडद, तालुका जुन्नर, जिल्हा पुणे.

माझी बुद्धी शाबूत आहे, डोळे चष्म्यासकट ठीक आहेत आणि हा कागद मी कोणाच्या धाकाने किंवा कोणाच्या भरीला पडून लिहीत नाही. आळ्याच्या डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. दाखल्याआधी त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला आणि दारात उभ्या असलेल्या त्यांच्या मोटारीचा मागचा डावा टायर आतल्या बाजूने झिजतोय, हेही सांगितलं. त्यांनी लगेच सही केली.

यापूर्वीचं माझं एकमेव मृत्युपत्र तोंडी होतं. ते मी २०२३ साली अवसरीच्या घाटाखाली, कांद्याच्या ढिगात बसून केलं आणि ते ऐकायला फक्त माझी पत्नी होती. ते याद्वारे रद्द करतो. त्यात मी 'गाडी पेटवून द्या' असं म्हणालो होतो, तेही रद्द.

कलम १. खोडदचं राहतं घर, मागचा गोठा आणि विहिरीतला माझा अर्धा हिस्सा माझ्या पश्चात पत्नी सौ. चिमाबाई हिचा. ती हयात असेतो चिरंजीव गोरख याने घर विकण्याचा, वाटण्याचा किंवा 'आई, तू आता आमच्याकडं पुण्याला चल' हा विषय काढू नये. तिच्यानंतर घर आणि ओढ्याकडची दीड एकर जमीन गोरखची. गोरख गुणी मुलगा आहे. मी गाडी घेतली तेव्हा तो दोन महिने माझ्याशी बोलला नाही. "लोक हसत्यात, दादा," एवढंच म्हणाला होता. त्याचं खरं होतं. लोक हसतच होते.

कलम २. गाडीबद्दल खुलासा करणं भाग आहे, कारण मी गेल्यावर पुष्कळ जण पुष्कळ सांगतील.

मी बेचाळीस वर्षं लोकांच्या ट्रॅक्टरखाली उताणा पडून काढली. तेविसाव्या वर्षी नारायणगावला हमरस्त्याच्या कडेला असाच पडलो होतो, तोंडावर ऑइल ठिबकत होतं, आणि चाकांच्या मधून मला एक लाल, बिनछपराची, दोन माणसांची गाडी जाताना दिसली. पुरती दिसलीही नाही. खालचा निम्मा भाग दिसला. तेव्हाच ठरवलं. पुढे सदुसष्टाव्या वर्षी गॅरेजची जागा विकली आणि व्हेरांझा कंपनीची लाल स्पोर्ट्स कार घरी आणली. हिचं छप्पर बटण दाबलं की मागे घडी होऊन जातं.

चिमाबाईने गाडीभोवती एक फेरी मारली. "दोनच शिटं? बाजाराची पिशवी कुठं ठिवायची?"

"तुझ्या मांडीवर."

"मंग माजी मांडी कुठं ठिवू?" तिचा प्रश्न रास्त होता. गाडी बुटकी आहे. तिच्यात बसायचं म्हणजे जवळपास जमिनीवरच बसायचं.

तिसऱ्या महिन्यात पहिला दोष निघाला. हॉर्न जरा जास्त वेळ दाबला की छप्पर आपोआप उघडायचं. निमगाव साव्याला भाच्याच्या लग्नात नवरदेव माझ्या गाडीत होता. वाटेत म्हशी आल्या, मी हॉर्न दाबला, छप्पर उघडलं आणि वरच्या बोरीच्या झाडावरून जे पडायचं ते नवरदेवाच्या फेट्यात पडलं. मी कंपनीला कळवलं. उत्तर आलं की ग्राहकाने हॉर्नचा अतिवापर टाळावा. पत्राच्या सुरुवातीला 'आदरणीय डॉक्टर मॅडम' असं लिहिलं होतं.

दुसरा दोष हसण्यासारखा नव्हता. या गाडीच्या ब्रेकला इंजिनची मदत मिळते आणि ती एका रबरी नळीतून मिळते. ही नळी एका लोखंडी पट्टीच्या धारेवर घासते. घासून भोक पडलं की ब्रेकचं पायडल दगडासारखं घट्ट होतं आणि गाडी थांबत नाही. सातव्या महिन्यात माझ्या गाडीचं हेच झालं. पुण्याच्या सर्व्हिस सेंटरने नळी बदलून दिली. चार महिन्यांनी पुन्हा तेच झालं, पुन्हा नवी नळी. तिसऱ्यांदा मी तिथले मॅनेजर सुदर्शन साहेब यांना म्हणालो, "साहेब, नळीचा दोष नाही. पट्टीची धार वळवा, नाहीतर मला एक पाना द्या, मीच वळवतो."

ते म्हणाले, "काका, डिझाइन परदेशातलं आहे, आम्हाला हात लावता येत नाही. आणि हे फक्त तुमच्याच गाडीत होतंय."

बेचाळीस वर्षांत मी कुठल्याही शेतकऱ्याला असं म्हणालो नव्हतो. पण परदेशातल्या इंजिनिअरपुढे आपण कोण, असं मनात आलं आणि मी गप्प बसलो. ही चूक माझी आहे आणि ती या कागदावर माझ्याच नावे राहू द्यावी.

कलम ३. कुशाबा टेमकर, राहणार अवसरी, तालुका आंबेगाव, यांस माझा जुना लोखंडी जॅक आणि माझी माफी देण्यात यावी.

कारण असं. २०२३ च्या चैत्रात मी आणि चिमाबाई तिच्या बहिणीकडून परत येत होतो. अवसरीचा घाट उतरताना ब्रेक घट्ट झाला. दोन्ही पाय देऊन दाबला, हलेना. हातब्रेक ओढला तर गाडी आडवी व्हायला लागली. पुढे रस्त्यावर बायका होत्या, म्हणून हॉर्न दाबून धरला. बायका बाजूला झाल्या, पण छप्परही उघडलं. मी गिअर खाली घेत घेत गाडी रस्ता सोडून कुशाबांच्या बराखीत, म्हणजे कांदा साठवायच्या चाळीत, घातली. बराखीची कुडाची भिंत मोडली आणि वर्षाचा कांदा वरून आमच्या अंगावर आला. गळ्याइतका.

मी हाक मारली, "चिमे!"

कांद्यातून आवाज आला, "हाय मी. हात उचलंना."

तिचा उजवा हात कोपराच्या वर मोडला होता. ते तोंडी मृत्युपत्र मी त्याच वेळी केलं. कुशाबा पळत आले. बराखीकडे न बघता आधी त्यांनी चिमाबाईला बाहेर काढलं, मंचरच्या दवाखान्यात नेलं आणि मला एवढंच म्हणाले, "पावणं, गाडी लई भारी हाय तुमची. थांबत न्हाई पन."

त्या दिवसापासून मला या गाडीचं हसू आलं नाही.

कलम ४. माझे सर्व पाने, नट फिरवायच्या गोट्या, बेअरिंग उपसायचा पुलर आणि लाकडी पेटी नात कुमारी हर्षाली गोरख थोरात हिला. ती इंजिनिअरिंग शिकते. पेटीतला चौदा नंबरचा पाना कोणाला उसना देऊ नये.

तिने माझी कंपनीशी चाललेली सगळी पत्रं नीट लावली, म्हणून हे तिला. अपघातानंतर कंपनीने आधी लिहिलं की चालकाचं वय पाहता पाय चुकीच्या जागी पडला असावा. मग एक माणूस पाहणीला आला. त्याला आमच्या शिवारातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या दिसल्या आणि त्याचा चेहराच उजळला. "ह्या लहरींमुळे गाडीच्या यंत्रणेत बिघाड होत असणार," म्हणाला आणि लिहूनही घेतलं.

आमच्या माडीवर भाड्याने राहणारी वृषाली दुर्बिणीवर नोकरीला आहे. ती जिन्यातूनच म्हणाली, "साहेब, आमच्या तबकड्या आकाशातलं नुसतं ऐकतात, काही सोडत नाहीत. उलट तुमच्या गाड्यांच्या ठिणग्यांचा आम्हालाच त्रास होतो. आणि रबरी नळीला लहरींनी भोक पडतं, हे कुठल्या पुस्तकात आहे?"

त्याने ते लिहून घेतलं नाही.

कलम ५. खेमचंद हिराचंद ओस्तवाल, आळेफाट्यावरचे स्पेअर पार्टचे व्यापारी, यांच्याशी माझं एकोणीस वर्षं बोलणं नव्हतं. ते भांडण मी याद्वारे कायमचं निकालात काढतो आणि माझ्या वारसांनी ते पुढे चालवू नये.

भांडण एका बेअरिंगवरून होतं. त्यांनी दिलेलं बेअरिंग आठ दिवसांत फुटलं आणि मी भर बाजारात म्हणालो, "खेमचंद डुप्लिकेट माल विकतो." ते म्हणाले, "मिस्त्रीला बसवता येत नाही." झालं, संपलं.

अपघातानंतर दोन महिन्यांनी मला कळलं की खेमचंद शेठच्या मुलाने, जिनेशने, माझ्यासारखीच गाडी घेतली आहे, पांढरी. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात गेलो.

शेठ गल्ल्यावर होते. "मिस्त्री, वाट चुकला काय?"

"जिनेशची गाडी बघायचीय. खालून."

"का? आमच्या पोराची गाडी डोळ्यांत खुपली?"

"शेठ, ब्रेक जाणार तिचा. आज नाही तर महिन्याने. माझ्या बायकोचा हात अजून वर होत नाही. मला काय बोलायचं ते नंतर बोला, आधी चावी द्या."

त्यांनी चावी दिली. मी पोतं अंथरून खाली गेलो आणि त्यांनाही बोलावलं. पांढऱ्या स्वच्छ कपड्यांतले खेमचंद शेठ आयुष्यात पहिल्यांदा गाडीखाली आले. मी त्यांचं बोट धरून नळीवर ठेवलं. नख आत गेलं.

त्यांनी काळं झालेलं बोट पांढऱ्या सदऱ्याला पुसलं. मग म्हणाले, "रविवारी जिनेश आणि सूनबाई रीना माळशेजला जाणार होते."

मला राहवलं नाही. म्हणालो, "शेठ, ते बेअरिंग अस्सल होतं. मीच उलटं बसवलं होतं."

"मला माहीत होतं."

"मग एकोणीस वर्षं बोलला का नाही?"

"तुम्ही बोलत नव्हता म्हणून."

कलम ६. दोन गाड्यांत एकच दोष सापडल्यावर हर्षाली आणि जिनेश यांनी फोनवर गट काढला. नाशिक, कोल्हापूर, पुणे, पार नागपूरपर्यंतचे, आम्हाला धरून चौदा मालक जमले. त्यांनी काढून ठेवलेल्या नळ्या टपालाने आमच्या घरी आल्या. सगळ्या टोकापासून चार बोटांवर घासलेल्या. आणि चौदाही जणांना पत्र आलं होतं की हे फक्त आपल्याच गाडीत होत आहे. नागपूरच्या डॉक्टर मॅडमच्या पत्रात 'आदरणीय हौशीराम' असं लिहिलेलं होतं.

आम्ही मागणी केली की सगळ्या गाड्या परत बोलावून पट्टी बदला. कंपनीने 'सदिच्छा तपासणी' देऊ केली. परत बोलावणे हा शब्द त्यांच्या तोंडून निघेना. त्याऐवजी एक दिवस सुदर्शन साहेब कोरी पिवळी गाडी घेऊन आमच्या अंगणात आले. मी एका कागदावर सही करायची, गाडी माझी. कागदात होतं की दोष नव्हता, चालकाचा अंदाज चुकला.

मी खोटं बोलत नाही, मी पेन हातात घेतलं होतं. पिवळी गाडी फार देखणी होती.

चिमाबाईने डाव्या हाताने चहा आणून ठेवला. "साहेब, या नव्या गाडीची नळी कुठनं जाती?"

साहेबांनी चहाचा एक घोट घेतला. मग दुसरा घेतला. "तिथूनच, मावशी."

मी पेन खाली ठेवलं. साहेब उठले. दारापाशी माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बरं केलंत. मी वर सांगून थकलो, कोणी ऐकत नाही. सही करू नका, कोणीच करू नका." ते आता त्या नोकरीत नाहीत, म्हणूनच हे इथे लिहितो. चौदा जणांपैकी कोणीही सही केली नाही.

चौदा नळ्या, चौदा पत्रं आणि चिमाबाईच्या हाताचा फोटो सरकारी तपासणीला गेले. अकरा महिन्यांनी कंपनीने जाहीर केलं की ग्राहकांवरील प्रेमापोटी ती स्वखुशीने देशभरातल्या या गाड्या परत बोलावत आहे. दुरुस्ती काय केली, तर पट्टीची धार वळवली आणि एक क्लिप लावली. वीस मिनिटांचं काम. मी पाना मागितला होता तो याच कामासाठी.

कलम ७. हॉर्न दाबला की छप्पर उघडतं, हे कंपनीने अजून मान्य केलेलं नाही. हा वाद, त्याच्या तीन फायलींसह, मी हर्षालीला वारसाहक्काने देतो. तडजोड करू नये. नवी गाडी घेऊ नये. पत्रात नाव चुकवतील, ते प्रत्येक वेळी दुरुस्त करून परत पाठवावं.

कलम ८. लाल गाडी माझ्या पश्चात सौ. चिमाबाई हिची. प्लॅस्टर निघाल्यावर हात मोकळा व्हावा म्हणून तिने चालवायला घेतली आणि आता तिच्याकडे पक्कं लायसन्स आहे. गोरखला हे या कागदावरूनच कळेल. त्याने शांत राहावं.

कलम ९. माझी अंत्ययात्रा त्या गाडीतून काढू नये. मला आडवं झोपवायला जागा नाही आणि बसून जाणं बरं दिसत नाही. गावातल्या कोणाच्याही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून न्यावं. ट्रॉलीचा हूक आधी बघून घ्यावा.

हा कागद मी स्वतः वाचला, वाचून दाखवला आणि खालील दोघांसमोर सही केली. खेमचंद शेठ कलम पाच वाचून चष्मा पुसत बसले होते, म्हणून सहीला उशीर झाला. दुसरं कारण नाही.

ठिकाण: खोडद. दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५.

सही: हौशीराम गेणभाऊ थोरात

साक्षीदार १: खेमचंद हिराचंद ओस्तवाल, आळेफाटा

साक्षीदार २: कुशाबा भागू टेमकर, अवसरी (जॅक नको म्हणाले, माफी ठेवून घेतली. वकिलांच्या मते साक्षीदाराला तेवढंच बरं.)

खालचा मजकूर मृत्युपत्राचा भाग नाही. सह्या झाल्यावर चिमाबाईने पेन मागून घेतलं आणि उजव्या हाताने लिहिलं:

समदं वाचलं. कलम आठमधलं 'माझ्या पश्चात' खोडा. उद्या माज्या बहिनीकडं मीच नेनार हाय, त्याच घाटानं. तुमी शेजारी बसा.