राधाच्या नावावर पडलेलं कार्ड

मयूर विहार, दिल्ली
२१ जानेवारी २०२५

चि. इंदुमतीस, वहिनीचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला ओरडायचा कंटाळा, म्हणून पत्र. माझं अक्षर चौथीत थांबलं ते तिथंच आहे, हसू नकोस. तू पंचवीस वर्षं खो-खोची पंच होतीस, शिट्ट्या फुंकून लोकांच्या पोरी रडवल्यास, म्हणून तुलाच विचारते.

आपली स्वानंदी कॉलेजच्या फुटबॉल टीमची कॅप्टन. शेवटचं वर्ष. परवा त्यांनी सेमीफायनल मारली, एकच गोल, तोही हिचा. फायनल दहा फेब्रुवारीला. तिच्या बापाने, विश्वनाथने, ऑफिसात पेढे वाटले, आणि नात माझी दोन दिवस ताटावर नुसती बसून उठते. सूनबाई म्हणाल्या, थकली असेल. आई असून एवढंच दिसलं. मी दार लावून विचारलं, तेव्हा भडाभडा बोलली.

दोष माझ्यापासून सुरू होतो, ते आधीच सांगते. सेमीफायनलच्या आधीच्या मॅचला तिचा शर्ट चुरगळलेला दिसला. कॅप्टन आणि अशी बोळ्यासारखी जाणार? मी इस्त्री फिरवली, सुती कपड्यावर फिरवतात तशी कडक. पाठीवरचा सहाचा आकडा उठून इस्त्रीलाच चिकटला. वास असा सुटला की शेजारीण विचारायला आली. मग हिने राधाचा चौदा नंबरचा शर्ट घातला. राधा म्हणजे हिची मैत्रीण, राखीव खेळाडू, त्या दिवशी तापाने होस्टेलवर पडलेली. मॅचमध्ये हिने कुणाला तरी आडवं केलं आणि रेफरीने पिवळं कार्ड दाखवलं. त्यांच्यात अशी दोन कार्डं झाली की पुढची मॅच बाहेर बसायचं. हिचं हे दुसरं. पण रेफरी तोंड बघत नाही, पाठ बघतो. त्याने चौदा लिहिलं आणि कार्ड पडलं राधाच्या नावावर.

बाहेर बसणाऱ्यांची यादी लागली, तीत हिचं नाव नाही. हिने जयदीप सरांना, म्हणजे त्यांच्या कोचला विचारलं. ते म्हणाले, यादीत नाही ना, मग खेळ. ही खेळली. मला म्हणते, आजी, शंका होती गं, पण मला खेळायचंच होतं. जिंकल्यावर स्पर्धेच्या ऑफिसात जाऊन कागद पाहिला तेव्हा सगळा उलगडा झाला. सर म्हणतात गप्प बस, कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

खोटं कशाला बोलू, मीही तेच म्हणाले. एका कार्डापायी अठरा पोरी बुडवायच्या का? पण ती म्हणते, मिरजेच्या आजीला विचार, सांगितलं तर काय शिक्षा होईल. तर सांग. आणि जरा आमच्या बाजूने सांग.

गुडघ्याला तेल लावतेस, की नुसती बाटली बघतेस? लोभ आहेच, तो वाढवायला आता जागा नाही, आहे तेवढा सांभाळ.

तुझी वहिनी,
चंद्रप्रभा


मिरज
२८ जानेवारी २०२५

ती. वहिनींस, इंदूचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. अक्षराला हसले नाही, इस्त्रीला हसले.

फुटबॉलचं मी इथल्या एका क्रीडाशिक्षकांना विचारून घेतलं. ज्याने बाहेर बसायचं तो खेळला, तर सामना अख्ख्या संघाने गमावला असं धरतात. खेळाडूवर वर्षाची बंदीही येऊ शकते. आमच्या खो-खोतही असंच. तुमच्या बाजूचं शोधलं, सापडलं नाही.

ब्याऐंशी साली एका शाळेने दुसऱ्याच मुलीचा जन्मदाखला लावून वयाने मोठी मुलगी खेळवली होती. मी सगळा संघ बाद केला. मुली माझ्या पदराला धरून रडल्या. ज्या मास्तरांनी हा उद्योग केला ते सायकलवर बसून मागच्या फाटकाने निघून गेले. शिक्षा भोगली पोरींनी. मला आठ दिवस अन्न गोड लागलं नाही. नियम सरळ असतो वहिनी, न्यायी असेलच असं नाही.

पण त्याच मैदानाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक संघ होता, या बाद झालेल्यांकडून आदल्या दिवशी हरलेला. उद्या तुम्ही खेळणार, असं सांगायला मी गेले, तेव्हा त्या मुली वळकट्या बांधून एस्टीची वाट बघत होत्या. तुम्ही तुमच्या अठरा मोजल्यात. समोरच्या किती होत्या, ते लिहायला विसरलात.

सांगावं की नाही, ते मी सांगणार नाही. तिचं तिला ठरवू द्या. तुम्ही मध्ये पडू नका म्हटलं तर तुम्ही पडणारच, तेव्हा तेही म्हणत नाही.

तेल लावते. लोभ असू द्यावा, आणि रागवायचं तर कागदावर रागवावं, ते मला नीट ऐकू येतं.

आपली,
इंदुमती


मयूर विहार, दिल्ली
६ फेब्रुवारी २०२५

चि. इंदूस, आशीर्वाद. बाकी विशेष हे की, तू माझं तोंड बंद केलंस. असं करणारी तू पहिलीच.

तुझं पत्र तिने दोनदा वाचलं आणि चपला घालून गेली. आधी मैदानावर जाऊन टीमला सांगितलं. एकीने बूट भिरकावला, दोघी अजून बोलत नाहीत. राधा म्हणे रडत होती आणि हिलाच शिव्या देत होती. मग हिने अर्ज लिहून स्पर्धेच्या कमिटीला दिला.

काल सुनावणी झाली. विश्वनाथ म्हणाला, आई, तुझं तिथे काय काम? मी स्वेटर चढवला आणि पोरीबरोबर मेट्रोत बसले. टेबलामागे चार जण, मधले अध्यक्ष पांढऱ्या मिशीचे. त्यांनी विचारलं, तुला खेळायला कुणी सांगितलं? जयदीप सर तिथेच बसलेले, मोबाईलमध्ये मान घालून. मला वाटलं, आता घे नाव, सुटशील. तर ही म्हणाली, सरांनी यादी बघून खेळ म्हटलं, पण शंका माझ्या मनात होती आणि मैदानात पाय माझे गेले.

मग मी उठले. माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं की इस्त्री मेरी थी. सगळे हसले. अध्यक्ष म्हणाले, माताजी, नियमांत इस्त्रीचं कलम नाही. मी म्हटलं, अच्छा, मग आपल्या पायाने सांगायला आलेल्याचं तरी आहे का? का पकडलेला आणि आलेला, दोघांना एकच काठी? त्यावर कुणी हसलं नाही. चौघं बराच वेळ कुजबुजले.

निकाल ऐक. सेमीफायनल गेली. समोरची टीम फायनल खेळणार. स्वानंदीवर वर्षाची बंदी घालणार होते, ती घातली नाही, एका मॅचची ठेवली. तिला आता मॅचच उरलेली नाही, म्हणजे बंदी घातली काय, न घातली काय. जयदीप सरांना लेखी ताकीद. त्यांना एक कागद आणि अठरा पोरींना घरचा रस्ता. तुझा तो सायकलवाला मास्तर मला तिथे दिसला.

मला वाटलं आता पोरगी रडेल, नाहीतर भांडेल. मी रुमाल काढून ठेवला होता. ती म्हणाली, सर, एक राहिलं. चौदा नंबरवरचं कार्ड अजून राधाच्या नावावर आहे. ती तापात झोपून होती. ते खोडून माझ्या नावावर लिहा.

अध्यक्ष म्हणाले, बेटा, तुमची टीम तर बाहेर झाली, आता काय फरक पडतो? ती म्हणाली, राधा अजून दोन वर्षं खेळणार आहे, तिच्या कागदावर माझी चूक नको.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. रजिस्टर मागवलं. खोडलं, लिहिलं, सही केली आणि रजिस्टर फिरवून तिच्यासमोर धरलं. तिने बोट ठेवून वाचलं आणि थँक यू सर म्हणाली.

इंदू, मला कुणाचं कौतुक करता येत नाही, तुला माहीत आहे. पण माणसं मी पुष्कळ पाहिली. मागायला बसलं की जो तो आपल्यासाठी मागतो, देवापुढेसुद्धा. हातचं सगळं गेल्यावर दुसऱ्याच्या नावावरचा डाग पुसून मागणारं मी एकच पाहिलं, आणि ते माझ्या घरातलं, ओला टॉवेल गादीवर टाकणारं. मी उभीच राहिले. शेजारची बाई म्हणाली, बैठिए माताजी. मला बसवेना. ती इवलीशी पोर टेबलाजवळ उभी, आणि तिच्यासमोर आपण बसायचं कसं, हेच कळेना.

दहा तारखेला ती फायनल बघायला जाणार आहे, त्या दुसऱ्यांची. टाळ्या वाजवणार म्हणते. मलाही चल म्हणाली. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही, आणि दिल्लीची थंडी हाडात शिरते. तरी जाणार. तिच्या शेजारी बसायला मिळतंय, ते सोडू कशाला?

लोभ ठेव, आणि यातलं कौतुक तिला कळवू नकोस.

तुझी वहिनी,
चंद्रप्रभा