भोवत्यांच्या माळाची ओवाळणी

दोंडाईचा,
२६ ऑक्टोबर २०२५

चि. लीलाधर यास भागाअक्काचे अनेक आशीर्वाद.

भाऊबीज आटोपून तू रावेरला सुखरूप पोचलास, हे तू फोनवर माझ्या सूनबाईला, मोहिनीला, सांगितलंस त्यावरून कळलं. मी मात्र लिहिते. फोनवर तू मध्येच हसतोस आणि माझं म्हणणं राहून जातं.

ओवाळताना मी साडी मागितली नाही, आपल्या दोघांच्या नावावरचा सात एकर गवताचा माळ मागितला. तू ताटात होकाराची सुपारी टाकलीस आणि वर अट घातलीस, की कार्तिकी पौर्णिमेपर्यंत भोवत्या पक्षी उतरले तर माळ राहील, नाहीतर ओल आहे तोवर नांगरून हरभरा. ओवाळणीला अट घालणारा भाऊ अख्ख्या खानदेशात तूच!

अजून एकही आला नाही. दिवाळी झाली तरी पाऊस हटत नाही. गवत कमरेएवढं, पण ओलं, आणि नाकतोडे नावापुरते. ही शिकारी पाखरं पार कझाकस्तानातून येतात, हे मी वाचनालयातल्या पुस्तकात वाचलं. झाडावर नाही, दिवस मावळला की गवतात भुईवरच मुक्काम करतात. गवत गेलं की त्यांचं अंथरूण गेलं.

सोबत काडेपेटी आहे. भोवत्याला जे पचत नाही ते तो ओकून टाकतो, त्याची ही तीन वर्षांपूर्वीची गोळी. पाण्यात भिजव, नाकतोड्यांच्या तंगड्या मोजून थकशील. तेव्हा साठ उतरले होते. गेल्या साली उन्हाने गवत लवकर करपलं, नाकतोडे घटले, तर अकराच आले आणि गोळ्यांत नुसते उंदरांचे केस. जिथे पोट भरेल तिथेच कोणीही थांबेल ना रे?

भावजयीला, सुनंदाला, आशीर्वाद. रागावलास तरी माया आटू देऊ नको.

तुझी,
भागाअक्का


रावेर,
७ नोव्हेंबर २०२५

ती. अक्का हिस लीलाधरचा सा. न. वि. वि.

तुझी काडेपेटी पोचली. मी केळीच्या कटाईवर होतो. पत्र वाचायच्या आधीच सुनंदाने ती गोळी कुठल्या तरी बाबाचा अंगारा समजून देवघरात ठेवली आणि दोन दिवस हळदकुंकू वाहिलं. खरं कळल्यावर देवघर तीनदा धुतलं. चूक तिची, अबोला माझ्याशी.

परवा पौर्णिमा झाली. मोहिनी फोनवर म्हणाली, माळावरचं आभाळ रिकामंच आहे. अक्का, दगा पाखरांनी दिला, मी नाही. साठाचे अकरा झाले, आता एकही नाही. ज्यांना यायचंच नाही त्यांच्यासाठी जमीन किती वर्षं पडीक ठेवायची? सोमवारी, सतरा तारखेला, माझा गडी छगन ट्रॅक्टर घेऊन येईल. त्याला जेवू घाल.

तुझा आज्ञाधारक (हसू नको),
लीलाधर


दोंडाईचा,
११ नोव्हेंबर २०२५

चि. लीलाधरास आशीर्वाद आहेतच, पण आज जरा हात आखडून.

छगनला पोटभर जेवू घालीन. माळ नांगरू देणार नाही. मी शब्द मोडते आहे, हे माझ्याच अक्षरात लिहून देते. हवं तर पारावर वाचून दाखव.

पाखरांनी दगा दिला म्हणतोस. अरे, तिकडे थंडी उशिरा उतरली असेल, इथे पाऊस उशिरा हटला. ही घडी काय त्यांनी विस्कटली? लेकीची एसटी चुकली म्हणून आई तिचं अंथरूण शेजारी देऊन टाकत नाही. आणि समज, यंदा नाहीच आले. तरी गवत उभं राहील. पुढल्या साली नाकतोडे वाढले तर ते उतरणार कुठे, तुझ्या हरभऱ्यात?

गावात म्हणतात, आक्का येडी व्हई गई. म्हणू दे. सोमवारी माझी खाट माळाच्या मधोमध असेल. छगनला सांग, आधी खाट नांगर, मग गवत.

हट्टी असले तरी बहीणच आहे, तेवढं मनात असू दे.

भागाअक्का


रावेर,
१९ नोव्हेंबर २०२५

ती. अक्का, सा. न. वि. वि.

छगन परत आला, नांगराला मातीचा कण न लागता. सांगत होता, अक्का जेवायला उठेल म्हणून वाट पाहिली, तर तिने कळण्याची भाकरी न् ठेचा खाटेवरच मागवला आणि मलाही तिथेच वाढलं. दिवस कलला तेव्हा गवतावरून अगदी खालून पाखरं तरंगत आली, दोन फेऱ्या मारून बसली. तीन. भाऊ, फक्त तीन, असं तो बोटं दाखवून सांगत होता. तिघांसाठी सात एकर का, असं त्याने विचारलं तर तू म्हणालीस म्हणे, एकही आला नसता तरी ही खाट इथेच असती, जा, सांग तुझ्या मालकाला.

मला राग आला. रागातच ती गोळी वाटीभर पाण्यात टाकली. सुनंदा चष्मा लावून शेजारी बसली. दोघांनी तंगड्या मोजल्या, चाळीसवर गेल्यावर हात टेकले. अबोलाही तिथेच संपला.

अक्का, ओवाळणीला अट घातली ती माझी चूक. ताटात टाकलेलं परत उचलत नाहीत. माझा हिस्साही तुझा, गवतासकट. तलाठ्याकडे कधी यायचं ते कळव.

काडेपेटी रिकामी परत पाठवतो आहे. यंदाची गोळी पाठव, तिघांना काय खायला मिळालं ते बघू. फक्त वरती ठळक लिही, की हा अंगारा नाही.

तुझ्या हट्टाचा धाकटा वाटेकरी,
लीलाधर