शेवटची ओळ

सोनारीच्या अक्काच्या पायी धाकट्या गोरोबाचा नमस्कार.

सकाळपासून आपल्या शाळेतला कवितेचा घोष कानात घुमतोय. तीच कविता मी फौजेत माझ्या दहा जवानांना शिकवली होती. बर्फातल्या काळोखात प्रत्येकानं आपली एक ओळ म्हणायची. ओळ आली न्हाय, तर तो माणूस मागं राहिला. एकदा बब्रुवानची शेवटची ओळ आलीच न्हाय. खांद्यावर घालून आणला त्याला. पुढं सुभेदार झालो, पण त्या दहांचा हवालदार असण्याचं सुख निराळंच.

इथं धाराशिवच्या दवाखान्यात मजेत आहे. काल फोनवर सांगितलं तसं, सोबत माणूस नसेल तर उद्या डोळ्याचं ऑपरेशन करणार न्हाईत म्हणे. मिळेल कुणीतरी. तुझे गुडघे कसे आहेत? येऊ नको.

थांब, दारात कुणीतरी ती शेवटची ओळ म्हणतंय! बब्रुवान!

"साहेब, अक्कांनी फोन केला म्हणून कळलं. तुम्ही कुठं सांगताय!"

अक्का, खरी हवालदार तूच गं.

तुझा गोरोबा